पळी-पंचपात्र आणि काळ्या मुठीचा सुरा

गेल्या जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतल्यावर अग्रशाळेच्या ओसरीवर आम्ही पाचसात जण बोलत बसलो होतो. त्यांतल्या एका गृहस्थांची भाची इंग्लंडात शिकते. तिने आपल्या एका वर्गभगिनीच्या पूजेच्या चौरंगाचे छायाचित्र मामांना पाठविले होते. चौरंगावर काळ्या मुठीचा दुधारी सुरा, एक चषक, मिठाची वाटी, पाण्याची वाटी, धुपाटणे, दोन मेणबत्त्या, पाच टोकांचा तारा कोरलेली धातूची तबकडी आणि एक काठी. भिंतीला टेकून एक केरसुणी. मुलगी ‘विक्का’ नावाच्या पंथाची.

छायाचित्र हातोहात फिरले आणि घटकाभरात तीन निकाल लागले. पहिले गृहस्थ म्हणाले, “ही तर चेटकिणीची हत्यारे.” दुसरे म्हणाले, “चेटूक कसले घेऊन बसलात? हे आपलेच तंत्र. गोऱ्यांनी उचलले आणि नाव बदलले.” तिसरे अधिक शिकलेले, ते हसून म्हणाले, “चेटूकही नव्हे आणि तंत्रही नव्हे. सत्तरपंचाहत्तर वर्षांचा पंथ तो. हे सारे नाटकाचे सामान.” मग सगळे माझ्याकडे वळले. “वकीलसाहेब, तुमचे काय मत?”

मी त्या रात्री एवढेच म्हणालो, की कागद वाचल्यावाचून मत देण्याची मला सवय नाही. त्यानंतर कागद वाचले. माझे मत असे, की तिन्ही निकाल चुकलेले आहेत. त्यांतही तिसरा सर्वांत घातक आहे. कारण पहिल्या दोहोंत केवळ अज्ञान आहे, परंतु तिसऱ्यातली काठी उद्या आपल्याच पाठीवर उतरू शकते.

प्रथम वस्तूंची ओळख करून घेऊ. विक्का पंथाच्या जुन्या शाखेत मुख्य उपकरणे आठ मानली जातात: तलवार, काळ्या मुठीचा सुरा, पांढऱ्या मुठीचा सुरा, काठी, तबकडी, धुपाटणे, चाबूक आणि दोऱ्या. चषक ह्या आठांत मोजलेला नाही, तरी वेदीवर तो असतोच. काळ्या मुठीच्या सुऱ्याला ते ‘ॲथेमी’ म्हणतात. त्याने प्रत्यक्ष काही कापावयाचे नसते. कापण्याकोरण्यासाठी पांढऱ्या मुठीचा सुरा असतो. ॲथेमीने पूजेच्या आरंभी उपासकांभोवती वर्तुळ आखावयाचे. जुन्या रीतीप्रमाणे हे वर्तुळ नऊ फूट व्यासाचे. पाण्यावर आणि मिठावर सुऱ्याचे टोक ठेवून ती शुद्ध करावयाची, मीठ पाण्यात मिसळून वर्तुळावर शिंपडावयाचे, मग धूप फिरवावयाचा. शेवटी एकाने हाती धरलेल्या चषकात दुसऱ्याने सुऱ्याचे टोक बुडवावयाचे. हे स्त्रीतत्त्व आणि पुरुषतत्त्व ह्यांच्या संयोगाचे प्रतीक. त्यानंतर द्राक्षासव आणि पोळी ह्यांचा प्रसाद सर्वांनी घ्यावयाचा. चाबूक आणि दोऱ्या प्रामुख्याने दीक्षाविधीतल्या. पुष्कळ मंडळ्यांनी आता चाबूक सोडूनही दिला आहे.

आता पहिला निकाल घेऊ. चेटकिणीची हत्यारे म्हणजे काय? ज्याने दुसऱ्याचे अहित साधावयाचे, ते साधन. विक्का पंथाचा सर्वमान्य नीतिनियमच असा आहे, की कोणालाही इजा होणार नसेल तर आपल्या इच्छेप्रमाणे वागावे. सैतान ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातली व्यक्ती. विक्काच्या देवमंडळात तिला जागा नाही. तेथे एक देवी आहे, एक शृंगधारी देव आहे, आणि ऋतुचक्राचे आठ सण आहेत. हे आपल्याला पटो अथवा न पटो, त्यात जारणमारण शोधणे म्हणजे पुराव्यावाचून आरोप ठेवणे होय.

आणि हा आरोप आपण कोणत्या तोंडाने ठेवावा? केरसुणी पाहून अग्रशाळेत सर्वांत मोठा हशा पिकला. ज्या घरांतून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून, तिला हळदकुंकू वाहून, लक्ष्मी म्हणून पूजतात, त्याच घरांतली ही माणसे! खंडेनवमीला शस्त्रे पाटावर मांडून आपण गंधफूल वाहतो. पूजेला बसलो की देवाच्या आधी कलश, शंख आणि घंटा ह्यांची पूजा करतो. मग तांब्यातले पाणी हे नुसते पाणी राहत नाही आणि घंटा ही नुसते पितळ राहत नाही.

ह्याहून जुने उदाहरण हवे असेल तर श्रौत यज्ञाकडे पाहावे. तैत्तिरीय संहितेत दहा यज्ञायुधे सांगितली आहेत. आयुधे म्हटल्यावर कोणाला धनुष्यबाण आठवतील. प्रत्यक्षात त्या दहांत सूप आहे, उखळ आहे, मुसळ आहे, पाटावरवंटा आहे, मातीची कपाले आहेत. स्वयंपाकघरातल्याच ह्या वस्तू. आणि त्यांच्या अग्रभागी ‘स्फ्य’ आहे, म्हणजे खैराच्या लाकडाची तलवार. तिने कोणाचा वध करावयाचा नसतो. तिने वेदीच्या रेषा आखावयाच्या असतात. अग्निहोत्री दिवंगत झाला म्हणजे ही यज्ञपात्रे त्याच्या देहावर ठेवून त्याच्याबरोबर अग्नीला देत असत. ज्यांच्या पूर्वजांनी तलवारीने वेदी आखली, त्यांनी सुऱ्याने वर्तुळ आखणाऱ्या मुलीला चेटकीण म्हणावे, ह्याला विद्वत्ता तर म्हणता येणार नाहीच, सभ्यताही म्हणता येणार नाही.

गोव्याच्या माणसाला तर हे अधिकच शोभत नाही. 1560 साली येथे इन्क्विझिशन आले. मध्यंतरीच्या अल्प खंडाखेरीज ते 1812 पर्यंत टिकले. 1736 साली त्या न्यायासनाने जो जाहीरनामा काढला, त्यात ख्रिस्ती धर्मात गेलेल्या आपल्याच बांधवांना अंगणात तुळस लावण्याची मनाई केली. मिठावाचून भात शिजविण्याची मनाई केली. लग्नात विडासुपारी वाटण्याचीही मनाई केली. तुळशीचे रोप, आळणी भात, विड्याचे पान ह्या वस्तू पुरावा म्हणून धरल्या गेल्या. परक्याच्या घरातली वस्तू पाहावी, तिचा अर्थ त्याला न विचारता आपणच लावावा, आणि त्या अर्थावरून त्याला दोषी ठरवावे, ही त्या न्यायासनाची रीत होती. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून प्रियोळास आणि केळोशीहून कवळ्यास आपली दैवते हलवावी लागलेल्या समाजाने ती रीत उचलावी काय?

‘चेटकीण’ हा शब्द आपल्या देशात केवळ शब्दही नाही. डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते आणि त्यांचे जीव घेतले जातात, म्हणून बिहारला 1999 साली, छत्तीसगडला 2005 साली आणि नंतर इतर राज्यांना त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. ज्या शब्दाच्या पाठीमागे कायदा उभा करावा लागतो, तो विनोदातदेखील जपून वापरावा.

दुसरा निकाल आपल्या अभिमानाला गोड वाटणारा आहे, म्हणून तो अधिक कडक तपासला पाहिजे. “हे आमचेच” असे म्हणणाऱ्याने वकिलाच्या भाषेत मालकीची साखळी दाखवावी लागते. कोणाकडून कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या कागदाने? साम्य ही मालकी नव्हे. दोन घरांच्या चुली सारख्या दिसल्या म्हणून एक घर दुसऱ्याचे ठरत नाही.

ॲथेमीची साखळी उपलब्ध आहे, आणि ती काशीस अथवा कामाख्येस जात नाही. राजा सॉलोमनच्या नावावर खपणारा, वस्तुतः त्याच्यानंतर कित्येक शतकांनी रचलेला एक युरोपीय मंत्रग्रंथ आहे. त्याच्या हस्तलिखितांवरून मॅकग्रेगर मेदर्स ह्यांनी 1889 साली इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात दोन सुरे सांगितले आहेत: पांढऱ्या मुठीचा इतर सर्व कामांसाठी आणि काळ्या मुठीचा वर्तुळ आखण्यासाठी. ॲथेमी ह्या नावाशी जुळणारा शब्दही त्याच ग्रंथाच्या जुन्या फ्रेंच हस्तलिखितांत आढळतो. हेच मेदर्स 1888 साली लंडनमध्ये निघालेल्या ‘गोल्डन डॉन’ ह्या गूढविद्या मंडळाचे एक संस्थापक. काठी, चषक, खंजीर आणि तबकडी ह्यांची अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी ह्यांच्याशी सांगड त्या मंडळाने घातली. ही चार तत्त्वे ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीस ह्याच्यापासून युरोपात चालत आलेली आहेत. गोल्डन डॉनच्या सभासदांनी आपल्याकडच्या पंचतत्त्वांच्या आकृती ध्यानासाठी घेतल्या होत्या, हे खरे आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु एका दालनातल्या उसन्या समईवरून सारा वाडा आपला ठरत नाही.

ह्या सामग्रीतून विक्का पंथ उभा करणारा मनुष्य जेरल्ड गार्डनर. जन्म 1884, मृत्यू 1964. आयुष्याची उमेदीची वर्षे त्याने सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथे काढली. मलायात तो जकातखात्यात अधिकारी होता. मलायी लोकांच्या ‘क्रिस’ नावाच्या नागमोडी खंजिराचा त्याने अभ्यास केला आणि 1936 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या खंजिरात स्वतःची अशी एक शक्ती वसते, अशी मलायी लोकांची श्रद्धा. अशा मनुष्याच्या पंथात सुऱ्याला मानाचे पान मिळावे, ह्यात मला तरी नवल वाटत नाही. पूर्वेचा धागा शोधावयाचाच असेल तर तो मलायात सापडण्याचा संभव अधिक.

आता तिसरा निकाल. तो मांडणारे गृहस्थ खोटे बोलत नव्हते. गार्डनरचे म्हणणे असे, की इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळीने 1939 साली त्याला दीक्षा दिली आणि ही मंडळी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माची अखंड चालत आलेली शाखा. जादूटोण्याविरुद्धचा 1735 सालचा इंग्रजी कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 साली गार्डनरने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला प्रस्तावना मार्गारेट मरे ह्या विदुषींची. युरोपातल्या चेटकिणी म्हणजे प्राचीन धर्माचे गुप्त उपासक, हा सिद्धान्त त्यांनी 1921 साली मांडला होता. पुढच्या इतिहाससंशोधकांनी तो पुराव्याअभावी त्याज्य ठरविला.

पंथाच्या हस्तलिखित पोथीला ‘छायांचा ग्रंथ’ म्हणतात. छळाच्या काळातला म्हणून मिरविलेल्या तिच्यातल्या एका भागात असा उपदेश आहे, की तबकड्या मेणाच्या कराव्यात, म्हणजे संकट येताच त्या वितळवून टाकता येतील. हे वाचून अंगावर काटा येतो खरा. परंतु त्याच परंपरेत पकडलेल्यांना जाळण्याची भाषा पुनःपुन्हा येते, आणि इंग्लंडात चेटुकाच्या गुन्ह्याला फाशी होती. जाळणे ही स्कॉटलंडची आणि युरोप खंडाची शिक्षा. इंग्रजी चेटकिणींची अस्सल पोथी इंग्रजी शिक्षाच चुकीची कशी सांगेल? एखादा जुना दस्तऐवज जर त्या काळी नसलेल्या स्टँपकागदावर लिहिलेला निघाला, तर न्यायाधीश पुढे वाचीत नाहीत. तीच गोष्ट नव्वद लाख बळींची. गार्डनरने तो आकडा गिरविला. आजचे इतिहासकार साधारण चाळीस ते पन्नास हजार मृत्युदंड मानतात. चाळीस हजार निरपराध्यांचे मरण पुरेसे भयंकर नव्हते काय, की त्याला खोट्या शून्यांची भर घालावी?

तेव्हा हे उघड म्हटले पाहिजे, की पंथाच्या प्राचीनत्वाचा दावा खोटा आहे. परंतु येथून पुढे तिसऱ्या गृहस्थांची आणि माझी वाट वेगळी होते. “दावा खोटा, म्हणून पूजाही खोटी, म्हणून उपकरणे नाटकाचे सामान” ही त्यांची उडी मला मान्य नाही. डोरीन व्हॅलिएन्टी ह्या विदुषीला गार्डनरने 1953 साली दीक्षा दिली. पोथीतले कोणते उतारे आधुनिक लेखकांकडून आले आहेत, हे तिने स्वतः ओळखले, गार्डनरला तोंडावर सांगितले, आणि पोथीचा मोठा भाग नव्याने लिहिला. हे सारे तिने पुढे ग्रंथ लिहून उघड केले. 1999 साली रॉनल्ड हटन ह्या इतिहासकाराने साधार ग्रंथ लिहून पंथाचा अर्वाचीन उगम दाखविला, आणि पंथातल्या अनेकांनी तो स्वीकारला. पंथ बुडाला काय? इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या शिरगणतीत सुमारे 13,000 लोकांनी आपला धर्म विक्का आणि सुमारे 74,000 लोकांनी पेगन असा लिहिला. खोटी वंशावळ गेली, तरी पूजा राहिली.

हे आपल्या घरचे प्रकरण कसे होते, ते आता पाहा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात सांगितले, की धर्म म्हणजे केवळ मते नव्हेत. विधी, उपचार आणि पूजापद्धती ह्यांनाही घटनेचे संरक्षण आहे, आणि धर्माचे अत्यावश्यक अंग कोणते हे मुख्यतः त्या धर्माच्या शिकवणुकीवरून ठरवावे. उडुपीच्या परंपरेतल्या त्या मठाने मिळविलेला हा निर्णय आपल्या सर्व मठ-देवस्थानांची ढाल आहे. परंतु 1961 साली अजमेरच्या दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी सुचविले, की केवळ अंधश्रद्धेतून उपजलेली आगंतुक भर न्यायालयाने निवडून काढावी. आणि 1983 साली आनंदमार्गाचे प्रकरण आले. कवटी, त्रिशूळ आणि सुरा हाती घेऊन भर रस्त्यावर तांडव करण्याची परवानगी त्या पंथाने मागितली. न्यायालयाने म्हटले, की पंथ 1955 चा आणि तांडवाचा विधी त्यात 1966 साली आला. तेव्हा तो अत्यावश्यक मानता येत नाही. पुढे पंथाच्या संस्थापकाने आपल्या आचारग्रंथातच तांडव सांगितले. तरीही 2004 साली बहुमताने निर्णय तोच राहिला. मागाहून घातलेली भर हे अत्यावश्यक अंग नव्हे, असा त्याचा सारांश.

कवट्या आणि सुरे घेऊन गर्दीच्या रस्त्यावर नाचू नये, हा निकाल मला मान्य आहे. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण त्याला पुरेसे होते. परंतु विधीचे वय मोजण्याचे कारण मला मान्य नाही. हीच फूटपट्टी आपल्या देवस्थानांना लावून पाहा. परागंदा होऊन अंत्रुजात नव्याने उभ्या राहिलेल्या देवळाचा ‘आरंभ’ कोणता? जुने देऊळ पडले तो, की नवे उभारले तो? पहिल्या दिवशी पालखी होती काय? नवरात्रातले मखर होते काय? कौलप्रसादाची आजची रीत कोणत्या सालापासूनची? ज्यांचे कागद देवळांबरोबरच गेले, ते कोणता पुरावा दाखविणार? सार्वजनिक गणेशोत्सव तर लोकमान्यांनी 1893 साली उभा केला. त्याचे साल सर्वांना पाठ आहे. इंग्लंडातल्या मुलीच्या सुऱ्याला “कालचा” म्हणून हसणारा गृहस्थ नकळत हेच मान्य करतो, की ज्याच्यापाशी जुना कागद नाही त्याच्यापाशी धर्म नाही.

दुसरी पद्धत शक्य आहे काय? आहे, आणि ती नेमकी ह्याच पंथाच्या उपकरणांवरून दिसून आली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका विक्कापंथी कैद्याने तुरुंगात पांढरा झगा, मेणबत्त्या, धूप, वर्तुळ आखण्यासाठी मीठ अथवा गंधक आणि एक गजराचे घड्याळ मागितले. 1986 साली तेथल्या वरिष्ठ संघीय न्यायालयाने दोन प्रश्न वेगवेगळे ठेवले. हा धर्म आहे काय? आहे, कारण इतरांच्या जीवनात रूढ धर्मांचे जे स्थान, तेच ह्यांच्या जीवनात ह्याचे. वस्तू द्याव्यात काय? नाही, कारण तुरुंगाच्या सुरक्षिततेसाठी अधिकाऱ्यांनी घेतलेली हरकत वाजवी आहे. कैद्याला वस्तू मिळाल्या नाहीत, परंतु त्याच्या श्रद्धेची थट्टाही झाली नाही. इंग्लंडचा 1988 चा कायदाही असाच. सार्वजनिक जागी पाते बाळगणे गुन्हा, परंतु धार्मिक कारण हा बचाव. आणि ते कारण किती शतकांचे असावे, हे कायद्यात लिहिलेले नाही. आपल्याकडे शिखांच्या कृपाणाला घटनेच्या 25 व्या अनुच्छेदात नाव घेऊन संरक्षण दिले आहे. परंतु ज्यांचे नाव घटनेत घालावयास कोणी नव्हते, त्यांनी काय करावे?

ह्यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. “केवळ प्रामाणिकपणा पाहावयाचा तर उद्या कोणताही भोंदू आपला चाकू पवित्र म्हणेल.” म्हणू द्या. पवित्र म्हटल्याने त्याला कोणाच्या अंगावर चाकू चालविण्याचा परवाना मिळत नाही. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पाहावा. त्यात लिंबू, कवडी अथवा सुरा ह्या वस्तू गुन्हा नाहीत. भूत उतरविण्याच्या मिषाने केलेली मारहाण, फसवणूक आणि छळ हे गुन्हे आहेत. कायद्याने हाताचे कृत्य पाहावे, हातातल्या वस्तूची कुंडली पाहू नये. श्रद्धा प्रामाणिक आहे काय, आणि तिच्यामुळे दुसऱ्याला इजा होते काय, हे दोनच प्रश्न न्यायासनाचे आहेत. विधी किती जुना, हा इतिहासकाराचा प्रश्न. तो त्याने निर्भयपणे विचारावा, आणि उत्तर कटू असले तरी उपासकांनी ते ऐकावे.

ही शेवटली गोष्ट आपल्यालाही लागू आहे. शंखनादाने अमुक जंतू मरतात, तांब्याच्या पळीत तमुक वीज असते, असली खोटी प्रमाणपत्रे आपण आपल्या उपकरणांना चिकटवीत असतो. गार्डनरने आपल्या सुऱ्याला जी खोटी वंशावळ दिली, तिच्यात आणि ह्यात फरक काय? व्हॅलिएन्टीबाईंनी आपल्या पोथीतले उसने उतारे स्वतः उघड केले. ते धैर्य आपल्या किती महाजनांपाशी आहे? आजीच्या हातची पळी पवित्र आहे, कारण तिने चाळीस वर्षे तिच्यातून देवाला पाणी वाहिले. तिला दुसऱ्या दाखल्याची गरज नाही.

त्या गृहस्थांना मी आता एवढेच सांगेन, की भाचीला पत्र लिहावे आणि तिच्या मैत्रिणीला विचारावयास सांगावे, “हा सुरा तू कशासाठी वापरतेस?” आपल्या आजोळच्या तुळशीविषयी 1736 साली हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.